रेक्झिनखालची पंचवीस अक्षरं

गारगोटीच्या सुशीला मगदूम बाईंचं नाव आधी घेतो. बाई टायपिंगची संस्था चालवायच्या. मी बारावी झालो त्या उन्हाळ्यात त्या आमच्या वस्तीतल्या विहारात आल्या आणि दारातच उभ्या राहून विचारलं, "सायन्स घेऊन पास झालेलं कोण आहे इथं?" मी हात वर केला. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाईंनी मला टायपिंग शिकवलं, इंग्रजी डिक्शनरी दिली, कोल्हापूरच्या कॉलेजचा आणि वसतिगृहाचा असे दोन्ही फॉर्म स्वतः टाइप केले आणि प्रवेशाच्या दिवशी माझ्याबरोबर एसटीत बसून आल्या. मी बी.एस्सी. झालो, मग हार्डवेअरचा कोर्स केला आणि शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटर सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागलो. पुढचा प्रसंग त्या नोकरीतला आहे, आणि ती नोकरी मला बाईंमुळे मिळाली होती.

साल २००६. शुक्रवारी सकाळी दहा वाजता अण्णा चौगुल्यांनी टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप आमच्या काउंटरवर ठेवला.

"इंजिनिअर, बघा हे. मेलंय."

अण्णांचे इचलकरंजीत चोवीस माग होते. सगळं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे त्यांचं साधं बोलणं शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जायचं. कापडाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचं सॉफ्टवेअर त्यांनी नुकतंच घेतलं होतं आणि त्यासाठी हा लॅपटॉप. सहा महिनेही झाले नव्हते.

मी बटन दाबलं. पंखा फिरल्याचा आवाज नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, हार्ड डिस्क सापडत नाही. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कपाट. विंडोज, डिझाइनं, हिशेब, सगळं त्यात असतं. ते कपाटच गेलं होतं. का गेलं ते पाहायला मी लॅपटॉप उलटा केला आणि तसाच बघत राहिलो.

लॅपटॉपच्या खाली कॉफी रंगाचं रेक्झिन होतं. कडेनं पांढरी पायपिंग. बॅटरीपुरती चौकोनी फट सोडलेली. बाकी सगळा तळ मऊमऊ, मोटरसायकलच्या सीटसारखा.

"हे काय आहे अण्णा?"

"कव्हर." अण्णांनी अभिमानानं त्याच्यावर थाप मारली. "मागाच्या शेडमधी सुताची धूळ किती उडती ठाव हाय काय? टीव्ही गेला, फॅन गेला, सगळं धुळीनंच. म्हणून नवा घेतल्या घेतल्या रशीदकडं नेला. माझ्या गाडीचं सीट त्यानंच केलंय. म्हटलं, रशीद, एक सूत आत जाता कामा न्हाय. न्हाय गेलं की."

सूत गेलं नव्हतं, हे खरं. पण हवाही गेली नव्हती. लॅपटॉप खालच्या बारीक खाचांमधून हवा ओढतो आणि आतली उष्णता बाहेर टाकतो. त्या खाचा फोम आणि रेक्झिन लावून बंद केल्या तर तो स्वतःच्याच उष्णतेनं भाजतो. आधी पंखा अडकला, मग हार्ड डिस्क गेली. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी रेक्झिनवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "म्हंजे मीच गळा दाबला म्हणा."

डिझाइनांची एक कॉपी त्यांच्या मुलीनं पेन ड्राइव्हवर ठेवली होती. तेवढं नशीब. कव्हर शिवल्यामुळे वॉरंटी धरणार नव्हती, पण नवी हार्ड डिस्क आमच्याकडे होती. प्रश्न राहिला विंडोजचा.

इथं थोडं समजावून सांगतो. लॅपटॉप नवा घेतला की त्यात विंडोज टाकलेलीच असते आणि तिचा परवाना किमतीत धरलेला असतो. त्या परवान्याची खूण म्हणजे लॅपटॉपच्या तळाला चिकटवलेला एक लहान चकचकीत स्टिकर. त्यावर पंचवीस अक्षरं आणि आकडे असतात, पाच-पाचच्या पाच गटांत. त्याला 'की' म्हणतात, किल्ली. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की ती किल्ली मागते. लॅपटॉप कंपनीनं विंडोजची एक प्रत हार्ड डिस्कच्या एका बंद कप्प्यात ठेवलेली असायची आणि पहिल्या दिवशी तिच्या सीडी करून घ्या असं पुस्तिकेत लिहिलेलं असायचं. त्या सीडी माझ्या आठवणीत कोणीच करून घेतल्या नाहीत. अण्णांनीही नाही. आता हार्ड डिस्कच गेल्यावर तो कप्पाही गेला.

तरी अडत नव्हतं. लॅपटॉपबरोबर येणाऱ्या विंडोजच्या जातीची एक अस्सल सीडी आमच्या सेंटरकडे होती. सीडी म्हणजे एसटी आणि की म्हणजे तिकीट असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. गाडी कुठल्याही आगाराची चालते, तिकीट मात्र तुमचं पाहिजे. आणि साध्या गाडीचं तिकीट निमआरामला चालत नाही, तशी लॅपटॉपवरची की बाजारात सुट्या मिळणाऱ्या सीडीला चालत नाही. आमची सीडी योग्य जातीची होती. फक्त तिकीट हवं होतं.

"अण्णा, खाली एक स्टिकर होता. चकचकीत."

"हुता की."

"तो काढून ठेवलाय का?"

"काढायचा कशाला? त्याच्यावरनंच मारलंय."

आमचे साहेब, देसाई साहेब, आतल्या टेबलावरून हे ऐकत होते. ते म्हणाले, "कांबळे, एवढा विचार काय करतोस? आपली सीडी टाक. दुपारी मोकळे."

'आपली सीडी' म्हणजे काय ते लपवत नाही. ड्रॉवरमध्ये एक कॉपी केलेली सीडी होती, तिच्यावर मार्करनं की लिहिलेली. त्या काळात कोल्हापुरातल्या निम्म्या कॉम्प्युटरांत तीच गेली असेल. मी इतक्या वेळा टाकली होती की पंचवीसच्या पंचवीस अक्षरं मला पाठ होती.

"टाका की," अण्णा म्हणाले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "फक्त सोमवारी ती बाई आली की तिला चालंल न्हवं?"

कागद मुंबईच्या एका कंपनीचा होता. कापड परदेशात पाठवणारी कंपनी. ऑर्डर देण्याआधी त्यांच्या एक बाई कारखाना तपासायला येणार होत्या. त्यांच्या अटींची यादी इंग्रजीत होती. आग विझवायची नळकांडी, पुरेसा उजेड, कामगारांना पिण्याचं पाणी. खाली खाली वाचत गेलो तर एक ओळ होती, कारखान्यात वापरलं जाणारं सॉफ्टवेअर परवान्याचं असावं. मी ती ओळ मराठीत सांगितली.

साहेब म्हणाले, "अरे, कोण बघतंय ते?"

"साहेब, त्या बघतील. आणि त्यांनी नाही बघितलं तर विंडोजच सांगेल." त्या वर्षी नवीनच सुरू झालं होतं. कॉपी केलेली विंडोज इंटरनेटला जोडली की काही दिवसांत खालच्या कोपऱ्यात एक चांदणी यायची आणि ही प्रत अस्सल नाही असं इंग्रजीत सांगत बसायची. डिझाइन दाखवताना ती चांदणी आली तर?

साहेबांनी पुण्याच्या डीलरला फोन लावला. नवा परवाना मागवला तर तो बुधवारी पोहोचणार होता. तपासणी सोमवारी होती.

अण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "इंजिनिअर, ही ऑर्डर आली तर चोवीस माग दोन पाळ्यांत चालतील. न्हाय आली तर बारा बंद ठेवायचं पोरांनी आणि मी मिळून ठरवलंय. बारा बंद केले की कारागीर ऱ्हात न्हाईत. जातात आपापल्या गावाकडं. परत येत न्हाईत."

मी म्हणालो, "परवाना तुमचाच आहे अण्णा. तुम्ही घेतलेला आहे. तो फक्त झाकलाय. उघडू."

असं म्हणून मी एक चूक केली. उत्साहाच्या भरात कोपरा धरला आणि रेक्झिन ओढलं. बोटभर निघालं आणि त्याच्याबरोबर मॉडेल नंबरचं लेबलही निघालं. लेबलची अक्षरं रेक्झिनच्या अस्तराला चिकटली आणि लॅपटॉपवर पांढरा कागद उरला. स्टिकर तिथून चार बोटांवर होता. मी हात मागे घेतला.

साहेब उठून आले, बघितलं. "हे कोणी लावलं म्हणालात?"

"रशीद."

"मग कांबळे, तू रशीदकडेच जा. ज्यानं लावलंय त्याला काढायचं माहीत असेल."

त्या एका वाक्यासाठी मी साहेबांचा आजही आभारी आहे.

अण्णांच्या गाडीतून आम्ही इचलकरंजीला निघालो. हातकणंगल्याच्या फाट्यावर अण्णांनी चहा पाजला आणि सगळा रस्ता धुळीच्या गोष्टी सांगितल्या. धूळ मेन स्विचमध्ये कशी शिरते, जेवणाच्या डब्यात कशी शिरते. गाडी ड्रायव्हर चालवत होता आणि ते लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, पोस्टातून आलेलं पार्सल धरावं तसा.

रशीदभाईंचं दुकान म्हणजे एक शटर, शिलाई मशीन, भिंतीला टांगलेली सीटं. पन्नाशीचा माणूस, कानामागे खडू. त्यांनी लॅपटॉप उलटा केला आणि आधी कोपरा पाहिला.

"हे कुणी वरबाडलं?"

"मी," मी म्हणालो.

"पावणं, दात लावून काढलासा काय?"

अण्णा म्हणाले, "रशीद, हे सगळं काढायचंय."

"काढायचं? तुम्हीच म्हणालासा न्हवं, एक सूत आत गेलं तर तुझं दुकान उठवतो?"

"म्हणालतो की. आता काढ म्हणतोय."

"अण्णा, माझं काम निघायसाठी नसतंय. पाऊस, ऊन, माणसाचं वजन, सगळं सोसून तिथंच ऱ्हायला पायजे. हे काढ म्हणत आजवर कोण आलं न्हाय."

मी मधे पडलो आणि स्टिकरचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसले. "म्हंजे गाडीचं आर.सी. बुक मी सीटच्या आत शिवून टाकलंय. असं सरळ सांगा की."

"पेट्रोल लावलं तर सुटेल का?" मी विचारलं.

"सोल्युशन सुटंल. शाई बी सुटंल. मग बसा कोरा कागद वाचत."

सोल्युशन म्हणजे रबराचा चिकट डिंक, पंक्चरवाल्याकडे असतो तोच. रशीदभाईंनी लॅपटॉप लाकडी फळीवर ठेवला आणि त्यांच्या मालाची रचना मला समजावली, मी त्यांचा विद्यार्थी असल्यासारखी. वर रेक्झिन. मधे पातळ फोम. खाली अस्तराचं कापड. सोल्युशन फक्त कापडाला लावलेलं. "म्हणून खालनं ओढायचं न्हाय. वरनं उतरायचं. जिना असतो न्हवं, तसं."

त्यांनी कातडं सोलायच्या पातळ सुरीनं पायपिंग उसवली. मग सुरी आडवी धरून फोमच्या मधून फिरवली. रेक्झिन अख्खं निघून हातात आलं. उरलेला फोम त्यांनी बोटांच्या टोकांनी खरवडून काढला. कुठं स्टिकर आहे हे मी बोटानं दाखवत होतो. तिथं थोडा उंचवटा लागत होता. अर्ध्या तासात लॅपटॉपच्या तळाला फक्त पांढरं अस्तर उरलं. तेवढ्यात खाचांवरचं कापडही त्यांनी कापून मोकळं केलं.

मग ते थांबले. सुरी पुसून ठेवली.

"हितनं पुढं माझं काम न्हाय. कापड सोल्युशन प्यालंय. ओढलं की कागद घेऊनच येणार."

मी मनात बुधवार आणि सोमवार यांच्यातले दिवस पुन्हा मोजले. ते तेवढेच होते.

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. मग वाकून त्या कापडावरून अंगठा फिरवला.

"रशीद, कसलं कापड लावलंस रं हे?"

"अस्तराचं. स्वस्तातलं."

"स्वस्तातलं न्हाय, हे चाळणीचं हाय. केवढं विरळ! माझ्या मागावर असलं निघालं तर मी फाडून टाकीन." ते आणखी वाकले. "पण विरळ हाय म्हणूनच निघंल. सुई दे."

"सुईनं काय करणार अण्णा?"

"कापड ओढायचं न्हाय. धागा ओढायचा."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. कापड म्हणजे ताण्याचे उभे धागे आणि त्यांच्यातून वर-खाली जाणारे आडवे धागे. सगळं एकदम ओढलं तर स्टिकरवर सगळीकडे एकदम जोर बसणार. एकच धागा ओढला तर जोर फक्त त्या धाग्याच्या रेषेपुरता. अण्णांनी कडेचा एक आडवा धागा सुईनं उचलला, चिमटीत धरला आणि जवळजवळ झोपवून, कागदाला समांतर, हळूहळू ओढला. तो सुटत सुटत आला. रबराचे बारीक कण त्याला लोंबत होते. खाली कागद जागचा हलला नाही.

"एक," रशीदभाई म्हणाले.

अण्णांनी मान वर केली नाही. "मोजू नको. नजर लागंल."

चाळीस वर्षं ज्या माणसानं धागे एकत्र गुंतवले तो आता ते एकेक करून सोडवत होता. आधी सगळे आडवे काढले. आडवे गेल्यावर उभ्यांना धरून ठेवणारं काही उरलं नाही, ते आणखी सोपे गेले. दोनदा धागा मधेच तुटला. दोन्ही वेळा अण्णांनी मी कधी ऐकल्या नव्हत्या अशा मागावरच्या शिव्या दिल्या आणि तुटलेलं टोक परत सुईनं उचललं. रशीदभाई बल्ब धरून उभे होते. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी हातानंच उद्या या म्हणून सांगितलं. मला दोघांनी काही करू दिलं नाही. एकदा मी पुढे झालो तर अण्णा म्हणाले, "इंजिनिअर, तुमचं काम उद्या. आज गप बसा."

चारच्या सुमाराला स्टिकरवर फक्त सुकलेल्या सोल्युशनचा पिवळट थर राहिला. तो रशीदभाईंनी अंगठ्यानं चोळला. रबर असल्यामुळे त्याच्या बारीक गोळ्या होऊन तो सुटायला लागला, कागदावर खोडरबर चालवावं तसा. गोळ्या फुंकरीनं उडवल्या आणि खालून अक्षरं वर आली.

मी वही काढली. पहिला गट, पाच. दुसरा, पाच. तिसरा, पाच. चौथ्या गटाशी आलो आणि पेन थांबलं. दोन अक्षरांची शाई सोल्युशननं खाल्ली होती. पहिल्याची डावीकडची उभी रेघ आणि वरची थोडी गोलाई शिल्लक. दुसऱ्याचा फक्त उजवीकडे खाली जाणारा तिरका पाय. पाचवा गट पूर्ण.

"पंचवीसातली तेवीस," अण्णा म्हणाले. "पास की नापास?"

"अजून पेपर संपला नाही," मी म्हणालो.

इथं मला माझ्या कामातली एक गोष्ट उपयोगी पडली. रोज स्टिकर वाचून वाचून माझ्या लक्षात आलं होतं की या कीमध्ये काही अक्षरं कधीच नसतात. ए, ई, आय, ओ, यू नसतात. शून्य आणि एक नसतात. वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून बहुतेक. त्यामुळे उभी रेघ आणि वर गोलाई असलेलं अक्षर बी, डी, पी किंवा आर, या चारांतलंच असणार. तिरका पाय असलेलं के, क्यू, आर किंवा एक्स. ए असता तर पाचवी शक्यता वाढली असती, पण ए नसतोच. चार चोक सोळा जोड्या. विंडोज टाकताना की चुकीची असेल तर ती तिथंच नाकारते, पुन्हा लिहू देते. सोळा वेळा विचारायचं होतं, एवढंच.

शनिवारी सकाळी सेंटर उघडायच्या आधी अण्णा दारात होते. मी नवी हार्ड डिस्क बसवली, पंखा साफ केला, सीडी घातली. की मागणारी पाच खणांची चौकट आली. मी तेवीस अक्षरं लिहिली आणि मधे पहिली जोडी घातली. नाकारली. अण्णा शेजारी स्टुलावर बसून कागदावर जोड्या खोडत होते.

"पुढचं."

नाकारली.

"पुढचं."

सातव्या नकारानंतर ते म्हणाले, "ह्याच्यापेक्षा अख्खा तुटलेला ताणा जोडणं बरं, इंजिनिअर." साहेब आतून बघत होते. ड्रॉवर त्यांच्याच टेबलाला होता. त्यांनी तो उघडला नाही.

अकराव्या जोडीला नकाराची चौकट आलीच नाही. निळा पडदा पुढे सरकला आणि फाइली उतरवायला लागला. अण्णांना कळलं नाही, ते म्हणाले, "पुढचं."

"पुढचं नाही अण्णा. हेच."

ती दोन अक्षरं कुठली ते इथं लिहीत नाही. ती अण्णांची आहेत.

अजून एक दार बाकी होतं. विंडोज चालू झाली तरी ती कंपनीकडे नोंदवावी लागते. त्याला ॲक्टिव्हेशन म्हणतात. इंटरनेटवरून केलं तर नकार आला, फोन करा असा निरोप आला. लॅपटॉपच्या स्टिकरवरच्या कींना तेव्हा बहुतेक असंच व्हायचं. फोन फुकटचा होता, पण बोलायचं इंग्रजीत. आधी मशीननं चोपन्न आकडे दाबून घेतले. मग एक बाई लाइनवर आल्या. मी उभाच राहिलो, कॉलेजच्या तोंडी परीक्षेत राहायचो तसा.

त्यांनी विचारलं, पुन्हा का टाकताय? म्हणालो, हार्ड डिस्क बिघडली, बदलली. मग विचारलं, ही विंडोज किती कॉम्प्युटरवर टाकलेली आहे?

तीन वर्षं मी विंडोज टाकत होतो. हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता, कारण आपली सीडी टाकली की फोन करायचाच नसतो.

"ओन्ली वन, मॅडम," मी म्हणालो. "ओन्ली धिस वन." दुसऱ्यांदा सांगायची काही गरज नव्हती.

त्यांनी बेचाळीस आकडे सांगितले, सहा-सहाच्या सात गटांत. मी मोठ्यानं म्हणत होतो आणि अण्णा लिहून घेत होते. झेरॉक्सवाला दारात येऊन उभा राहिला, कसली सोडत चाललीय ते बघायला. शेवटचा गट घालून बटन दाबलं. पडद्यावर दोन ओळी आल्या, तुमची विंडोज ॲक्टिव्हेट झाली आहे, धन्यवाद. अण्णांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "धन्यवाद म्हणतंय? त्याला म्हणावं, आधी चहा घे."

सोमवारी दुपारी अण्णांचा फोन आला. मुंबईच्या बाईंनी सगळा कारखाना पाहिला. आग विझवायच्या एका नळकांड्याची मुदत संपली होती, त्यावर बोट ठेवलं, आठ दिवसांत बदला म्हणाल्या. लॅपटॉपवर डिझाइनं पाहिली. मग तो उलटा केला, स्टिकर पाहिला, खाली राहिलेले दोन-चार पांढरे धागे पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. अण्णांनी सगळं सांगितलं, कव्हरापासून. बाई हसल्या आणि कागदावर खूण केली. पंधरा दिवसांनी पहिल्या लॉटची ऑर्डर आली. चोवीस माग चालू राहिले. रशीदभाईंनी लॅपटॉपसाठी नवी पिशवी शिवली, तळाला जाळी ठेवून, पुढे स्टिकरसमोर प्लॅस्टिकची खिडकी करून. ऑफिसातून उठताना लॅपटॉप तिच्यात जायचा. खिडकीची काही गरज नव्हती, पण त्यांना ती सुचली होती.

आमच्या साहेबांनी त्या आठवड्यात काउंटरवर एक वही ठेवली. आलेलं प्रत्येक मशीन आधी उलटं करायचं, स्टिकरवरची की वहीत उतरवायची, मग स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा. ड्रॉवरमधली सीडी त्याच दिवशी तोडून फेकली असं सांगायला मला आवडलं असतं. ती अजून वर्षभर तिथं होती. पण वही भरत गेली तशी ती कमी बाहेर निघाली, कारण बहुतेक गिऱ्हाइकांच्या मशीनखाली त्यांचा स्वतःचा परवाना चिकटलेला असायचा आणि तो आम्ही कधी वाचलाच नव्हता.

यातून शिकण्यासारखं एवढंच. लॅपटॉपला कपडे शिवू नका. शिवलेच तर आधी खालची पंचवीस अक्षरं एका कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. आणि एखादी गोष्ट सोडवायची असेल तर ती कशी केली हे माहीत असणाऱ्या माणसाकडे जा, तो कुठल्या का धंद्यातला असेना.

त्या रविवारी, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी, अजून निकाल माहीत नव्हता तेव्हाच मी मगदूम बाईंना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

"आदरणीय बाई,
सविनय नमस्कार.

मी बरा आहे. आई-बाबांचीही तब्येत ठीक आहे. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

काल एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर त्याच्या स्वतःच्या परवान्यानं विंडोज टाकली. त्यात दोन दिवस गेले आणि दोन माणसांनी माझ्यापेक्षा जास्त काम केलं. भेटलो की सांगेन. फोनवर एका मॅडमशी इंग्रजीत बोललो. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला खरं देता आलं. घरी येताना मला तुमची आठवण झाली, आणि आनंद झाला तसं वाईटही वाटलं.

गेल्या दिवाळीत मी तुमच्या संस्थेतल्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकून दिली. तुम्ही वर्गातल्या सगळ्या मुलांना सांगितलंत, माझ्या विद्यार्थ्यानं टाकून दिली. बाई, ती कॉपी होती. मी तुम्हाला सांगितलं नाही. नंतर तुम्ही फोनवर म्हणालात, रोज सकाळी पडद्यावर कसलीतरी इंग्रजी सूचना येते, ती बंद करून मी काम सुरू करते. मी म्हणालो, दुर्लक्ष करा. ती सूचना खरी होती आणि मी खोटं बोललो होतो. ज्यांनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं त्यांना मी एक इंग्रजी ओळ वाचू नका म्हणालो.

तो कॉम्प्युटर एका ऑफिसातून आलेला, कंपनीनं तयार विकलेला आहे, सुटे भाग जोडून केलेला नाही. म्हणजे त्याचा परवाना त्याच्याच अंगावर असणार. मी तेव्हा बघितलंच नाही. येत्या रविवारी पहिल्या एसटीनं येतो आणि नीट करून देतो. मुलांसमोर केलं तरी चालेल. मला काय चुकलं ते त्यांनाही सांगेन.

तोवर एक विनंती. कॉम्प्युटरच्या उभ्या डब्याच्या बाजूला एक लहान चकचकीत कागद चिकटवलेला दिसेल. साफसफाईच्या मावशींना सांगा, मी येईपर्यंत त्याच्यावर ओलं फडकं मारू नका.

आपला विद्यार्थी,
मिलिंद कांबळे"